रस्त्यावरच्या फ्रिजला कुंपण कशाला?

स्पेनच्या उत्तरेला, बिल्बाओ शहराजवळ गाल्दाकाओ नावाचं गाव आहे. २०१५ साली तिथल्या फुटपाथवर एक साधा घरगुती फ्रिज येऊन उभा राहिला. घरात उरलेलं, हॉटेलात उरलेलं, जे चांगलं असेल ते आणून ठेवा. ज्याला हवं त्याने दार उघडून न्या. नाव नोंदवायचं नाही, कारण सांगायचं नाही. हे सुरू करणाऱ्या आल्वारो साइझ आणि त्यांच्या मंडळींनी फ्रिजभोवती लाकडी कुंपण घातलं. चोरीच्या भीतीने नव्हे. आत कुणीही जाऊ शकत होतं. रस्त्यावर एकटा उभा असलेला फ्रिज दिसला की माणसाला वाटतं कुणीतरी टाकून दिलाय, म्हणून ते कुंपण. आपल्याकडे असता तर कुंपणाआधी भंगारवाला पोचला असता.

शेजारपाजाऱ्यांनी मिळून चालवलेली अन्नाची कपाटं, फ्रिज, पँट्री यांच्याबद्दल वाचताना मला ते कुंपण सारखं आठवतं. फ्रिज मिळणं अवघड नाही. जुना कुणीही देतं, नवा एखादा उद्योजक फीत कापायच्या बोलीवर देतो. ‘हा कुणाचा तरी आहे, कुणीतरी रोज याच्याकडे बघतं’ हे त्या फ्रिजकडे पाहून कळणं, ते अवघड. का अवघड, हे समजायचं तर अन्न उरतं म्हणजे नेमकं काय होतं इथपासून सुरुवात करावी लागेल.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये एक अहवाल काढला. २०२२ या एका वर्षात जगभरात दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, असा त्यातला अंदाज आहे. त्यातला साधारण ६० टक्के वाटा घरांचा. भारतातल्या घरांसाठी दिलेला आकडा आहे माणशी वर्षाला ५५ किलो, म्हणजे दिवसाला दीडशे ग्रॅम. हा आकडा वाचून लगेच कपाळाला हात लावू नका. त्यात केळीची सालं, मटाराच्या शेंगा, हाडं, आंब्याच्या कोयी असं सगळं धरलेलं आहे. तरीही एक गोष्ट खरी उरते: लग्नाच्या पंगतीतली नासाडी डोळ्यांना दिसते, पण मोठा ढीग घराघरांतून थोडाथोडा तयार होतो. दोन पोळ्या, वाटीभर उसळ, अर्धी ब्रेड, दिवाळीत आलेला सोनपापडीचा चौथा डबा.

ही ‘थोडाथोडी’ फार त्रासाची असते. हॉटेलात किंवा कार्यालयात पन्नास माणसांचं अन्न उरलं, तर एखादी संस्था गाडी घेऊन येते. मुंबईत डबेवाल्यांनी २०१५ च्या शेवटी रोटी बँक सुरू केली ती अशाच समारंभांतलं अन्न उचलण्यासाठी. पण तुमच्या दोन पोळ्यांसाठी कोण गाडी पाठवणार? पेट्रोलचा खर्च पोळ्यांपेक्षा जास्त. म्हणून मोठ्या उरलेल्यासाठी गाडी आणि गोदाम लागतं, आणि लहान उरलेल्यासाठी चालत जाता येईल अशी जागा. गल्लीतलं कपाट किंवा फ्रिज ही ती दुसरी सोय.

आता उरलेलं म्हणजे काय, हे आपल्या भाषेने आधीच नीट वेगळं करून ठेवलंय. पातेल्यात राहिलं ते उरलेलं. रात्र उलटली की शिळं. ताटात राहिलं ते उष्टं, आणि त्याच्याही पुढचं खरकटं. इतके बारीक भेद असलेला समाज पँट्रीचे नियम पाच मिनिटांत समजू शकतो: फक्त उरलेलं ठेवायचं. उष्टं कधीच नाही. शिळ्याचं काय, हा मात्र खरा वादाचा प्रश्न. त्याचं उत्तर भावनेने देता येत नाही, ते घड्याळ देतं.

शिजवलेल्या अन्नात साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात. आपली खोली, आपला ओटा, आपला टिफिन, सगळं या मधल्याच पट्ट्यात येतं. अनुकूल स्थितीत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. दुप्पट होणं ऐकायला साधं वाटतं, पण हिशेब करून बघा: सुरुवातीला हजार असतील तर तासाने आठ हजार, आणि चार तासांनी चाळीस लाखांच्या वर. फ्रिज त्यांना मारत नाही, वाढ मंदावतो एवढंच. चार तास टेबलावर बसून मग फ्रिजमध्ये गेलेली भाजी आपले चाळीस लाख पाहुणे सोबत घेऊनच आत जाते.

‘वास घेऊन बघा, आंबलं असेल तर कळेल’ हा घरोघरचा उपाय इथे पुरत नाही. अन्नाला वास आणणारे, तार सोडणारे जिवाणू वेगळे आणि पोट बिघडवणारे बऱ्याचदा वेगळे. वास आला तर टाका, हे बरोबर. वास आला नाही म्हणजे चांगलंच आहे, हे बरोबर नाही.

भाताचं तर स्वतंत्र प्रकरण आहे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. बीजाणू म्हणजे चिलखत घालून झोपलेला जिवाणू. भात शिजताना तो मरत नाही. भात कोमट होऊन तासन् तास तसाच राहिला की चिलखत उतरवून तो वाढतो आणि एक विष तयार करतो, ज्याने उलट्या होतात. ते विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे सकाळी कडकडीत फोडणी दिली तरी ते तिथेच असतं. आमच्याकडे फोडणीचा भात हा रविवारचा हक्काचा नाश्ता आहे आणि तो मी सोडणार नाही, पण आता रात्री भात परातीत पसरून लवकर गार करून फ्रिजमध्ये जातो. मोठ्या पातेल्यात वरून गार दिसणारा भात आतून कितीतरी वेळ कोमट असतो. महाप्रसादाच्या मसालेभाताची गोम तीच आहे. घरात आपण आपल्यापुरती जोखीम घेतो. पण ज्याला उलट्या झाल्या तर दिवसाची मजुरी जाणार आणि दवाखान्याचा खर्च अंगावर येणार, त्याच्या ताटात ती ढकलायची नाही.

म्हणून गाल्दाकाओच्या फ्रिजचे नियम कडक होते. कच्चं मांस, मासे, अंडी नाहीत. घरी केलेल्या पदार्थावर तारीख हवीच, आणि चार दिवसांत कुणी नेलं नाही तर स्वयंसेवक तो काढून टाकणार. कोचीत २०१६ च्या मार्चमध्ये मिनू पॉलीन यांनी कलूर भागात आपल्या रेस्टॉरंटबाहेर झाडाखाली ४२० लिटरचा फ्रिज ठेवला. नाव दिलं ‘नन्मा मरम’, म्हणजे चांगुलपणाचं झाड. दार चोवीस तास उघडं, आणि अट तीच: पाकिटावर तारीख लिहा. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे नियम २०१९ मध्ये केले आणि ते जुलै २०२० पासून लागू झाले. हॉटेलवाले आणि वाटप करणाऱ्या संस्था यांच्यासाठीच्या त्या नियमांतही लेबलाला महत्त्व आहे: पदार्थ कोणता, आला कुठून, कधीपर्यंत खायचा, शाकाहारी की मांसाहारी. एक स्केचपेन आणि चिकटपट्टी एवढीच ती सामग्री, पण अनोळखी माणसाच्या डब्यावर विश्वास ठेवायला तेवढाच एक आधार असतो.

कोणतं अन्न या घड्याळाला कमी घाबरतं? ज्यात पाणी कमी. हे शास्त्र आपल्या आज्यांना प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं. प्रवासाला शिदोरी बांधताना त्यांनी कधी आमटी दिली नाही. दशम्या दिल्या, धपाटे दिले, शेंगदाण्याची कोरडी चटणी दिली. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, डिसेंबर २०१५ मध्ये युसूफ मुकाती यांनी रोटी बँक उघडली. सभासद झालेल्या प्रत्येकाने आपल्या घरून रोज दोन पोळ्या आणि थोडी भाजी आणून द्यायची, अशी त्याची रीत. यातली हुशारी मला नंतर लक्षात आली. पोळी हा दिवसभर टिकणारा पदार्थ. शिवाय घरात कणीक मळतानाच दोन पोळ्या जास्तीच्या धरायच्या, म्हणजे ते ‘उरलेलं’ राहतच नाही, ते मुद्दाम केलेलं ताजं अन्न होतं. उरेल तेव्हा देऊ म्हटलं की कधी ढीग येतो आणि कधी काहीच नाही. रोज दोन म्हटलं की घेणाऱ्यालाही भरवसा येतो.

इथे आणखी एक प्रश्न असतो आणि तो जवळपास कुणीच विचारत नाही: घेणाऱ्याकडे चूल आहे का? पुलाखाली झोपणाऱ्या माणसाला दोन किलो तूरडाळ देऊन काय होणार? त्याला तयार जेवण हवं, तेही लगेच खाता येईल असं. याउलट बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत राहणारं कुटुंब, महिनाअखेरीला ओढाताण होणाऱ्या धुणंभांडी करणाऱ्या मावशी, नोकरी गेलेला भाडेकरू, यांच्याकडे स्टोव्ह आहे, तवा आहे, हाताला चव आहे. त्यांना शिधा हवा. दुसऱ्याच्या घरची भाजी घेण्यापेक्षा त्यात अब्रूही राहते. हे दोन गट वेगळे, म्हणून एकाच कपाटात दोन्ही कामं होत नाहीत. नवशिक्यांनी शिध्यापासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. डाळीला तास मोजावे लागत नाहीत.

शिध्यातही काय, ते बघायला हवं. दानात तांदूळ आणि गहू सगळ्यात जास्त येतात, कारण दान म्हटलं की धान्य हे आपल्या मनात बसलंय. पण २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटातल्या कार्डधारकाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांच्या घरात तांदूळ असतो. तो कशाशी खायचा हा प्रश्न असतो. तेलाची पिशवी, तूरडाळ, मूगडाळ, शेंगदाणे, गूळ, चहा-साखर, मीठ-तिखट, हळद हे त्या घरातल्या बाईला खरं हवं असतं. ज्यांचं कार्डच नाही, किंवा कार्ड गावाकडे सासऱ्यांच्या नावात अडकलंय, त्यांना तांदूळही हवा. त्यांना कपाटातून तांदूळ देता देता कुणी कार्डाचा फॉर्म भरून दिला, तर त्याचा उपयोग त्या कपाटापेक्षा जास्त टिकेल. पाच किलो दरमहा कुठल्याही सोसायटीच्या पँट्रीला जमणारं नाही.

मग घेण्याची लाज. आपल्याकडे वार लावून जेवायची पद्धत होती: गरीब विद्यार्थी सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवत, आणि त्यावर कित्येकांची शिक्षणं झाली. माधुकरीही तशीच. या पद्धतींचं आपण कौतुक करतो, पण ती दारं बहुतेक एका जातीच्या मुलांपुरतीच उघडत, आणि ज्यांच्यासाठी उघडत त्यांनाही रोज एका उंबऱ्यावर उभं राहून कुणाचा तरी चेहरा बघावा लागे. आज भाजी कमी आहे हे वाढणारीच्या कपाळावर दिसे. कपाटाला चेहरा नसतो, हा त्याचा मोठा गुण.

फिलिपिन्समधल्या केझॉन सिटीत मागिनहावा नावाचा रस्ता आहे. १४ एप्रिल २०२१ ला, कोविडच्या टाळेबंदीत, आना पात्रिसिया नॉन या तरुणीने तिथे बांबूची एक छोटी हातगाडी उभी केली. तांदूळ, भाज्या, डबाबंद पदार्थ, मास्क, आणि पुठ्ठ्यावर एक पाटी: ऐपतीप्रमाणे द्या, गरजेप्रमाणे घ्या. बस. आठवड्याच्या आत देशभरात अशा शेकडो पँट्र्या उघडल्या. मग जे व्हायचं तेही झालं. हे डाव्यांचं कारस्थान आहे असा प्रचार झाला, पोलीस चौकशा करू लागले, आणि तिला एक दिवस गाडी बंद ठेवावी लागली. पासिग शहरातल्या एका पँट्रीचं टेबल काही बायकांनी एका फेरीत रिकामं केलं, त्याची चित्रफीत घरोघरी पोचली. ‘सगळं एकच माणूस घेऊन गेला तर?’ हा आपल्याकडच्या सोसायटीच्या मीटिंगमधला पहिला प्रश्न तिथेही विचारला गेला.

त्याचं उत्तर माझ्यापुरतं असं आहे: कधीतरी नेईल. एकदा रिकामं झालेलं कपाट हे नुकसान नाही, अन्न कुणाच्या तरी पोटातच गेलं. पाळत ठेवायला कॅमेरा लावला, आधार कार्ड मागितलं, रजिस्टरात सही घेतली, की खरा गरजू पहिला गळतो. लबाड माणूस सही करायला घाबरत नाही. थोडं थोडं करून दिवसातून तीनदा भरलं तर एका वेळी नेण्यासारखं फारसं नसतंच.

गर्दीचा धोका मात्र खरा आहे, आणि तो जाहिरातीतून येतो. त्याच महिन्यात केझॉन सिटीतच एका नामांकित अभिनेत्रीने वाढदिवसानिमित्त पँट्री भरवली. पहाटेपासून हजारो माणसं आली आणि रांगेत उभा असलेला एक वृद्ध कोसळून मरण पावला. तिचा हेतू चांगलाच होता. पण एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, सगळ्यांना सांगून केलेलं वाटप हा मेळा होतो. पँट्रीचा जीव तिच्या कंटाळवाणेपणात आहे. रोज असते, थोडं असतं, बातमी होत नाही.

आता पुन्हा कुंपणाकडे. आपल्याकडे कितीतरी शहरांत ‘माणुसकीची भिंत’ रंगवली गेली. नको असलेले कपडे टांगा, हवे असलेले न्या. यातल्या अनेक भिंतींचं पुढे काय झालं, हे जाता-येता दिसतं: रंग उडालेला, खाली पावसात भिजलेल्या फाटक्या कपड्यांचा ढीग. देणारे होते, घेणारेही होते. रोज संध्याकाळी येऊन फाटकं बाजूला काढणारं कुणी नव्हतं. कपड्यांना निदान वास यायला महिना लागतो. अन्नाचं तसं झालं तर तिसऱ्या दिवशी उंदीर आणि चौथ्या दिवशी वॉर्ड ऑफिसची नोटीस.

रोजचं काम आहे तरी काय? सकाळी दार उघडून तारखा बघणं, गेलेलं काढणं, ओल्या फडक्याने पुसणं, मुंग्यांची रांग कुठून येतेय ते शोधणं. पंधरा मिनिटं. पावसाळ्यात डाळीला टोके लागतात, म्हणून घट्ट झाकणाचे डबे. फ्रिज असेल तर विजेचं बिल कुणाच्या मीटरवर, हे आधी ठरलेलं. एक माणूस पुरत नाही, कारण त्याला ताप येतो, त्याच्या मुलीचं लग्न निघतं. दोन-तीन घरांनी वार वाटून घ्यावे लागतात. वार लावण्याची पद्धत अशी उलटी फिरवली तर मला फार आवडेल.

वर्षाचा ताळमेळही विचित्र असतो. गणपतीत नारळ आणि मोदक, दिवाळीत मिठाईचे डबे, पितृपक्षात पुन्हा पूर. दिवाळीतली मिठाई खव्याची असेल तर ती कपाटात नकोच. आणि मे महिन्यात काहीच नाही, कारण देणारे सगळे गावाला. नेमकी तेव्हाच शाळांना सुट्टी असते, शाळेतला पोषण आहार बंद असतो, आणि ज्या घरात दुपारचं जेवण शाळेवर सोडलेलं होतं तिथे दोन तोंडं वाढलेली असतात. तेव्हा दिवाळीत देऊ पाहणाऱ्यांना सांगावं, पैसे आत्ता द्या, शेंगदाणे मेमध्ये घेऊ. काही जण नाराज होतात. सणाला दिल्याचं पुण्य त्यांना सणालाच हवं असतं.

कपाट कुठे ठेवायचं यावर सोसायट्यांत तासभर चर्चा होते. गेटच्या आत ठेवलं तर बाहेरचा येणार नाही. बाहेर ठेवलं तर ‘इमारतीची शोभा जाते’. हा प्रश्न वॉचमनकाकांना आणि कामाला येणाऱ्या मावशींना विचारावा. कोणत्या वेळी कोण कुठून जातं, कुणाच्या घरी सध्या चूल पेटत नाही, कोण मागणार नाही पण समोर दिसलं तर घेईल, हे त्यांना ठाऊक असतं. आणि बऱ्याचदा पहिली गरज त्यांचीच असते, जी आपल्याला रोज गेटवर भेटूनही दिसलेली नसते.

शेवटची सूचना अगदी किरकोळ आहे. तारीख लिहायचं स्केचपेन कपाटाच्या कडीला दोरीने बांधून ठेवा. सुटं ठेवलं तर चार दिवसांत नाहीसं होतं, आणि पाचव्या दिवशी तारीख नसलेला पहिला डबा आत येतो.